टोपी सगळ्यांची, भाषा त्यांची

बिल्बाओला जाणारे लोक गुगेनहाइम संग्रहालय बघायला जातात. टायटॅनियमच्या पत्र्यांनी मढवलेली ती इमारत मीही पाहिली, पण बाहेरूनच. माझी सगळी नोकरी ठाण्याच्या एका लोकरीच्या गिरणीत, फिनिशिंग खात्यात झाली. मुलगी आणि जावई बिल्बाओत नोकरीला आहेत. त्यांच्याकडे गेल्यावर मी हट्ट धरला तो बाल्मासेदाचा टोप्यांचा कारखाना दाखवा म्हणून. कोन्कोर्दिया स्टेशनातून अरुंद रुळांची गाडी सुटते आणि हिरव्या डोंगरांमधून, कादाग्वा नदीच्या कडेकडेनं तिथे पोचवते.

कारखान्याचं नाव ला एन्कार्तादा. मेक्सिकोत पैसा कमावून परत आलेल्या एका गृहस्थानं तो १८९२ मध्ये काढला. शंभर वर्षं चालून १९९२ मध्ये तो बंद पडला आणि २००७ पासून त्याचं संग्रहालय झालं. यंत्रं भंगारात गेली नाहीत हे नशीब. नदीच्या पाण्यावर फिरणारी टर्बाइन, छताखालचे लांबच लांब दांडे, त्यावरून खाली उतरणारे पट्टे, आणि सूत कातणारं, पुढेमागे सरकणारं इंग्लंडचं म्यूल. ओल्डहॅमच्या प्लॅट कंपनीची यंत्रं मुंबईच्या गिरण्यांतही असायची, त्यामुळे तिथे मला परक्या मुलुखात असल्यासारखं काही वाटलं नाही. उलट तेलाचा वास नाही म्हणून चुकल्यासारखं झालं.

तिथे मुख्यत्वे बेरे बनायची. बेरे म्हणजे ती चपटी, गोल, बिनकाठाची, मधोमध इवलीशी शेपटी असलेली टोपी. स्पॅनिशमध्ये तिला बोइना म्हणतात आणि बिल्बाओच्या मुलखातले बास्क लोक चापेला म्हणतात. सिनेमातल्या फ्रेंच चित्रकाराच्या डोक्यावर आपण ती पाहिलेली असते.

ही टोपी कापून शिवत नाहीत, विणतात. मेरिनो लोकरीचं सूत यंत्रावर चढवून पाकळीला लागून पाकळी अशी विणत जातात. शेवटी दोन कडा जोडल्या की एक मोठी, ढगळ, विरळ विणीची पिशवी हातात येते. डोक्यात घातली तर नाक-कान सगळं झाकेल. इथपर्यंतचं काम विणकराचं. टोपी होते ती यानंतर, आमच्या फिनिशिंगवाल्यांच्या हातात.

आम्ही त्याला मिलिंग म्हणायचो. कोमट पाणी, साबण आणि हातोड्यांचे ठोके. लोकरीच्या केसावर डोळ्यांना न दिसणारे खवले असतात. ओल, ऊब आणि घासणं अशा तिन्ही गोष्टी एकदम मिळाल्या की ते एकमेकांत अडकतात, आणि एकदा अडकले की सुटत नाहीत. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुऊन बाळाच्या मापाचा करून ठेवणाऱ्या प्रत्येकानं हे शास्त्र घरी सिद्ध केलेलं आहे. कारखान्यात तेच मुद्दाम आणि मोजून करायचं. विरळ वीण घट्ट होत जाते, टाके दिसेनासे होतात आणि पिशवी आटून थाळीएवढी होते. हातोडा कुठे थांबवायचा हे खरं कौशल्य. थोडं आधी थांबलात तर टोपी पोकळ राहते, थोडं उशिरा थांबलात तर पत्र्यासारखी कडक. घड्याळ लावून हे काम होत नाही, बोटांनी चाचपावं लागतं. पुढे रंग, मग गोल साच्यावर ताणून उष्णतेत वाळवणं. त्यानंतर ब्रशनं लव उभी करायची आणि ती एकसारखी कातरायची. आतून अस्तर आणि घामासाठी चामड्याचा पट्टा. शेपटी शोभेची वाटते, पण जिथे विणकाम येऊन मिटतं तिथलं छिद्र ती झाकते.

इतका खटाटोप केलेल्या टोपीवरून पाऊस घरंगळून जातो. त्या भागात कोसळणारा पाऊस कमी आणि दिवसभर चालणारी भुरभुर फार. तिला ते सिरिमिरी म्हणतात. मेंढपाळाला हात मोकळे हवेत, छत्री त्याच्या कामाची नाही. चापेला का टिकली याचं उत्तर मला तरी एवढंच दिसतं.

आता एक अप्रिय गोष्ट. जग जिला बास्क बेरे म्हणतं ती मुळात एकट्या बास्कांची नाहीच. पिरेनीज पर्वताच्या फ्रेंच बाजूला बेआर्न नावाचा शेजारचा मुलूख आहे, तिथले मेंढपाळ ती घालत आले आहेत. ओलोरों गावातला लोलेर कारखाना १८४० पासूनचा आहे आणि अजून चालू आहे. बास्क प्रांतातल्या तोलोसा गावचा एलोसेगी कारखाना त्यानंतरचा, १८५८ चा. तोही चालू आहे. तिसरा नेपोलियन बियारित्सला महाल बांधत असताना त्यानं मजुरांच्या डोक्यावर ही टोपी पाहिली आणि तिला ‘बास्क बेरे’ म्हटलं, असं सांगतात. कथा खरी असो वा नसो, नाव चिकटलं ते चिकटलंच. पॅरिसच्या शिंप्यांनी त्याच शतकात बायकांच्या एका तंग, कमरेखाली थोडी उतरणाऱ्या चोळीलाही ‘बास्क’ नाव देऊन टाकलं. त्या चोळीत बास्क किती आणि पॅरिस किती, हा वाद फॅशनवाल्यांनी घालावा.

टोपीला मालक नसला की ती कुणाच्याही डोक्यावर बसते. १८३३ मध्ये स्पेनच्या गादीसाठी यादवी सुरू झाली, तेव्हा कार्लिस्ट पक्षाचा बास्क सेनापती सुमालाकार्रेगी बोइना घालून लढला आणि पुढे लाल बोइना ही कार्लिस्टांची खूण झाली. शंभर वर्षांनी, १९३६ च्या यादवीत, हेच लाल बोइनावाले जनरल फ्रँकोच्या बाजूनं उतरले. समोर प्रजासत्ताकाच्या बाजूनं लढणाऱ्या बास्क सैनिकांच्या डोक्यावरही बोइनाच! १९३७ मध्ये फ्रँकोनं आपल्या एकमेव पक्षाच्या गणवेशात निळा सदरा आणि लाल बोइना घातली. त्याच वर्षी २६ एप्रिलला जर्मन आणि इटालियन विमानांनी बास्कांचं गेर्निका गाव बेचिराख केलं. आणि आज बास्क स्वायत्त सरकारच्या पोलिसांच्या गणवेशात काय आहे? लाल बोइना.

सैन्यांनी तर ती जगभर नेली. फ्रान्सच्या डोंगरी तुकड्यांनी १८८९ मध्ये उचलली. ब्रिटिश रणगाडा दलानं १९२४ मध्ये काळी बेरे घेतली, कारण रणगाड्याच्या अरुंद तोंडातून आत शिरताना काठाची टोपी अडते आणि काळ्या रंगावर तेलाचे डाग दिसत नाहीत. ब्रिटिशांकडून ती आपल्या सैन्यात आली आणि तिथून एन.सी.सी.त. कॉलेजात असताना बेरे गरम पाण्यात बुडवून, डोक्यावर ओलीच दाबून, उजव्या कानावर ओढून बसवायची आम्हा कॅडेटांना कोण हौस. आपण फिनिशिंगच करतो आहोत, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

बास्कांचा मुलूख लहान आहे. बिस्काया, गिपुस्कोआ, आराबा आणि नाफार्रोआ हे चार प्रांत स्पेनमध्ये. लापुर्दी, खालचा नाफार्रोआ आणि सुबेरोआ हे तीन फ्रान्समध्ये. वस्ती सुमारे तीस लाख. खलाशी म्हणून हे लोक नावाजलेले. मॅगेलन वाटेतच मारला गेल्यावर पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १५२२ मध्ये जहाज परत आणणारा एल्कानो गिपुस्कोआच्या गेतारिया गावचा. शेतकरी, लोहार, बँकवाले, स्वयंपाकी म्हणूनही ते पुढे आहेत, पण त्यावर लिहायला दुसरे लोक आहेत.

त्यांची भाषा एउस्कारा. युरोपातल्या बहुतेक भाषांना बहिणी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याचशा आपल्या मराठीच्याही लांबच्या नात्यातल्या आहेत. एउस्काराला कुणी नाही. आजूबाजूला लॅटिनच्या लेकी पसरल्या, त्याच्या कितीतरी आधीपासून ती तिथे बोलली जात होती. रोमन काळातल्या थडग्यांवर माणसांची आणि देवांची जी स्थानिक नावं कोरलेली आहेत, त्यांत आजच्या एउस्कारातले ‘माणूस’ आणि ‘मुलगी’ हे शब्द ओळखू येतात. २०२१ मध्ये नाफार्रोआतल्या इरुलेगीच्या डोंगरावर काशाचा एक हात सापडला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला, बहुधा घराच्या दारावर लावलेला. त्यावरच्या अक्षरांतला पहिला शब्द आजच्या ‘भाग्यवान’साठीच्या शब्दासारखा वाचला गेला आणि सगळ्या मुलखात आनंदीआनंद झाला. वाचनाबद्दल पंडितांचा वाद अजून चालू आहे.

ही भाषा कशी आहे हे मला माझ्या नातीनं शिकवलं, तेही न शिकवता. तिची शाळा एउस्काराची. घरी मराठी, खाली बागेत स्पॅनिश. एकदा गृहपाठ करताना ती पुटपुटत होती. माणूस आला असेल तर ‘गिसोना’, माणसानं सफरचंद खाल्लं असेल तर ‘गिसोनाक’. शेवटी तो ‘क’ का लावतेस, विचारलं तर म्हणाली, “आजोबा, आपण नाही का ‘माणूस आला’ आणि ‘माणसाने खाल्लं’ म्हणत? तो ‘ने’ आहे.” मी गप्प झालो. इंग्रजीत ही भानगड नाही, स्पॅनिशमध्ये नाही. मराठीत भूतकाळापुरती आहे, आणि एउस्कारात तिन्ही काळांत. माणूस सफरचंद खातोय असं म्हणायचं असलं, तरी त्याला तो ‘क’ लागतोच. तिच्या वर्गातल्या स्पॅनिश घरांतल्या मुलांना जे डोंगराएवढं वाटतं, ते या मराठी पोरीला सोपं गेलं. आकडेही ओळखीचे निघाले. चाळीसला ते दोन वीस म्हणतात, साठला तीन वीस. माझी आजी बाजारात विसांनीच मोजायची.

क्रियापदं मात्र घाम काढतात. कुणी दिलं, काय दिलं, किती दिलं, कुणाला दिलं, हे सगळं एका सहायक क्रियापदात कोंबलेलं असतं. नामांना लिंग नाही, पण जवळच्या माणसाशी ‘अरे-तुरे’ करताना ऐकणारा मुलगा आहे की मुलगी हे क्रियापदातून कळतं. वाक्यात त्याचा उल्लेखही नसला तरी.

‘युरोपातली सर्वांत गूढ, सर्वांत प्राचीन भाषा’ असं पर्यटकांच्या पुस्तकांत छापतात. मला त्याचा राग येतो. भाषा डोंगरात दडून आपोआप वाचली, असं त्यातून वाटतं. तसं झालेलं नाही. ती शतकानुशतकं मागे हटत होती. पहिलं छापील पुस्तक १५४५ चं, बेर्नात एचेपारे नावाच्या पाद्र्याचं. पुढेही ग्रंथ थोडेच. कचेरी, न्यायालय, शाळा सगळं स्पॅनिश किंवा फ्रेंच. फ्रँकोच्या राजवटीत तर मुलांना बास्क नावं ठेवायला बंदी होती आणि थडग्यांवरच्या बास्क पाट्यासुद्धा खोडायला लावल्या. बायका आपल्या मुलांशी मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोलू लागल्या, कारण शाळेत मार आपल्या पोरांना बसायचा.

ती वाचवली ती ठरवून. १९४० च्या दशकात सान सेबास्तियानमध्ये एल्बिरा सिपित्रिया ही शिक्षिका घरातल्या खोल्यांतून, गुपचूप, लहान मुलांना एउस्कारात शिकवू लागली. त्यातून ‘इकास्तोला’ शाळा उभ्या राहिल्या. पालकांनी वर्गणी काढून चालवलेल्या, सुरुवातीला बेकायदा. मग दुसरा पेच आला. गावोगावची एउस्कारा वेगळी. बिस्कायाच्या माणसाचं सुबेरोआच्या माणसाला कळेना. पाठ्यपुस्तकं कुठल्या बोलीत छापायची? १९१९ मध्ये स्थापन झालेल्या भाषा अकादमीनं १९६८ मध्ये आरान्तसासूच्या मठात बैठक घेतली. कोल्दो मिचेलेना या भाषाशास्त्रज्ञाच्या मांडणीवर ‘बातुआ’, म्हणजे एकरूप प्रमाण भाषा, ठरवली गेली. खूप भांडणं झाली. एका ‘ह’ अक्षरावरून लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. ‘ही आमच्या आजीची भाषा नव्हे’ अशी तक्रार अजून कानावर येते, आणि ती खरीही आहे. पण आजीच्या भाषेत भौतिकशास्त्राचं पुस्तक निघत नव्हतं. मिचेलेनाचं माझ्या मते बरोबर होतं.

१९७९ मध्ये स्वायत्तता मिळाली आणि १९८२ च्या कायद्यानं शाळांत तीन प्रकार झाले. एकात एउस्कारा फक्त विषय, दुसऱ्यात निम्मे विषय तिच्यातून, तिसऱ्यात सगळंच. पालकांनी तिसरा प्रकार इतका उचलून धरला की आता बहुसंख्य मुलं त्यातच आहेत. मोठ्या माणसांसाठी रात्रीचे वर्ग निघाले. त्या वर्गांच्या पैशासाठी १९८० पासून दर दोन वर्षांनी ‘कोर्रिका’ नावाची दौड निघते. रात्रंदिवस, न थांबता, दोन हजारांहून जास्त किलोमीटर. प्रत्येक किलोमीटर कुणीतरी विकत घेतं. कुणी दुकानदार, कुणी शाळा, कुणी मित्रमंडळी. हातोहात जाणाऱ्या दांडीच्या पोटात एक संदेश असतो आणि तो शेवटच्या गावात उघडून वाचतात. आमच्या सोसायटीतल्या मराठी भाषा दिनाला हार, सत्कार आणि अल्पोपहार असतो, एवढंच सांगतो.

चापेला आणि एउस्कारा यांची गाठ बेर्त्सोलारींच्या मंचावर पडते. बेर्त्सोलारी म्हणजे शीघ्रकवी, आपल्या कलगीतुऱ्याच्या शाहिरांचे भाऊबंद. समोरची व्यक्ती विषय देते. ‘तू म्हातारा बाप आहेस, ही तुझी मुलगी, ती घर सोडून चालली आहे’ अशा धाटणीचा. काही सेकंदांत चाल आणि वृत्त निवडायचं आणि गाऊन उत्तर द्यायचं. वाद्य नाही, कागद नाही. जाणते सांगतात की कवी शेवटची ओळ आधी मनात पक्की करतो आणि मग तिच्याकडे चालत जातो. दर चार वर्षांनी होणाऱ्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीला हजारो माणसं दिवसभर बसून नुसतं ऐकतात. विजेत्याच्या डोक्यावर चापेला चढवतात. ही बक्षिसाची टोपी नेहमीपेक्षा कितीतरी रुंद असते, वर भरतकाम केलेली. २००९ मध्ये ती पहिल्यांदा एका स्त्रीच्या डोक्यावर चढली. तिचं नाव मायालेन लुहान्बिओ. त्यानंतर २०१७ आणि २०२२ मध्येही तीच जिंकली. पूर्वी हे काम सायडर दारूच्या गुत्त्यातल्या पुरुषांचं समजलं जाई. लाकूड फोडणं, दगड उचलणं, पेलोटा हा चेंडूचा खेळ यांच्या शर्यतींतही चापेलाच मिळते, पण तिथे बोलावं लागत नाही.

आपल्या बाजूचा धागा गोव्यात आहे. जुन्या गोव्याच्या बॉम जेझूत ज्यांचा देह ठेवला आहे ते सेंट फ्रान्सिस झेवियर नाफार्रोआतले, हाविएरच्या गढीत १५०६ मध्ये जन्मलेले. ते गोव्यात उतरले १५४२ मध्ये. दक्षिणेच्या किनाऱ्यावरून १५४४ मध्ये लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी अडचण सांगितली आहे. इथल्या लोकांची भाषा मलबारी आणि आपली बिस्कायी, म्हणजे एउस्कारा, त्यामुळे दोघांनाही एकमेकांचं कळत नाही. त्यांचं निधन ३ डिसेंबर १५५२ चं. त्या दिवशी गोव्यात फेस्त भरतं, आणि बास्क मुलखात तोच दिवस एउस्कारा दिन म्हणून पाळतात.

एउस्काराचा हिशेब असा आहे. १९९१ मध्ये सोळा वर्षांवरचे एउस्कारा बोलू शकणारे लोक सव्वापाच लाखांच्या आसपास होते, २०१६ मध्ये साडेसात लाख. मरत्या भाषेचे आकडे असे चढत नाहीत. पण रस्त्यावर उभं राहून, येणारे-जाणारे कुठल्या भाषेत बोलतात हे मोजणारेही तिथे आहेत. त्यांचा आकडा वर्षानुवर्षं बारा-तेरा टक्क्यांच्या आसपास अडून बसला आहे. शाळेत एउस्कारा शिकलेली पोरं फाटकाबाहेर पडली की स्पॅनिशवर जातात. माझी नातही. म्हणून २०१८ पासून एक मोहीम चालते. ठरावीक दिवस लोक छातीवर बिल्ले लावतात. एक बिल्ला ‘मी एउस्कारातच बोलतो’ म्हणणाऱ्यांचा, दुसरा ‘मला कळते, माझ्याशी बोला’ म्हणणाऱ्यांचा. तिथले कार्यकर्ते सांगतात की संभाषण कुठल्या भाषेत होणार हे पहिल्या शब्दावर ठरतं.

तेव्हा कधी बिल्बाओला किंवा तोलोसाला गेलात, तर टोपीच्या दुकानात शिरताना ‘काइशो’ म्हणा, आणि निघताना ‘एस्केर्रिक आस्को’. उच्चार चुकला तरी चालतो, दुकानदार तुम्हाला सांभाळून घेईल. आणि टोपी घेताना लेबलावर शंभर टक्के लोकर आहे ना, आतला पट्टा चामड्याचाच आहे ना, हे नीट बघून घ्या. आणलीत की गरम पाण्यात धुऊ नका.